मास्तर गाडीचं माप घेतात

मास्तरांची आणि त्या लाल गाडीची पहिली भेट झाली तेव्हा शोरूममधल्या एसीनं क्षणभर श्वास रोखला, काचेचं सरकतं दार अर्ध्यावरच थबकलं, कोपऱ्यातल्या कुंडीतल्या झाडानं, ते प्लास्टिकचं असूनही, एक पान गाळलं, आणि दारावरच्या वॉचमननं गिऱ्हाइकाला सोडून गाडीलाच सलाम ठोकला. निदान मास्तर दुकानात ही हकिगत सांगत तेव्हा अशीच सांगत, आणि दर खेपेला एखादं पान जास्त गळे. प्रत्यक्षात घडलं ते एवढंच, की मास्तर गाडीसमोर उभे राहिले, त्यांची मान एका बाजूला कलली, डावा डोळा मिटला आणि ते म्हणाले,

"खांदे जरा उतरते आहेत हिचे."

टाय लावलेला विक्रेता गडबडला. इंजिन, मायलेज, एअरबॅग अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं घोकून ठेवली होती. खांद्यांबद्दल त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

"सर, ते... डिझाइन आहे."

"असेल, असेल. पण पाठीत पोक वाटतंय. आणि तुमची कॉलर मोठी होतेय हो. आत दोन बोटं जातील. येऊन जा दुकानात, बारीक करून देतो."

मास्तर शिंपी होते. कोट-पँटचे शिंपी. गळ्यात टेप, कानामागं खडू आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. या तीन गोष्टी अंगावर नसल्या तर सख्खी लेकसुद्धा रस्त्यात त्यांना ओळखायला वेळ लावायची. त्यांना व्यसन असं एकच. "हे असं का?" दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलेले असतानाही ते बोटानं वरच्या दिव्याकडे खूण करून "अँ ऑं आ?" असं विचारत, आणि डॉक्टरही आता सवयीनं उत्तर देत. अशा माणसाला गाडी घ्यायला पाठवणं म्हणजे मुंगीला साखरेचं गोदाम राखायला देणं. लेक त्यांना मुकाट्यानं घेऊन आली होती, कारण घरात गाडी चालवता येणारी ती एकटीच. ती बँकेत नोकरीला होती, आणि हप्त्यांचं वगैरे जे काही असेल ते तिनं आधीच उरकून टाकलं होतं. वडिलांनी फक्त दोनांतली एक निवडायची होती.

"फक्त," असं ती म्हणाली होती. बिचारी.

दुसरी गाडी पलीकडे उभी होती. राखाडी. अंगानं थोडी लांबट, चेहऱ्यानं शाळेच्या मुख्याध्यापकासारखी. लेकीचा जीव लाल गाडीत अडकला होता, कारण तिच्या छताला काचेची खिडकी होती. मास्तरांची बायको राखाडी गाडीच्या बाजूची होती, कारण तिच्या डिकीत भाजीच्या पिशव्या आडव्या न होता राहतील, असा तिचा हिशेब होता. मास्तर दोन्हींच्या मधोमध उभे राहून आत डोकावत होते. लाल गाडीच्या डॅशबोर्डवर पांढऱ्या दोऱ्याची देखणी टीप दिसली तसे ते खूश झाले. चष्मा सावरून वाकले. नखानं टोकरून पाहिलं. मग सावकाश मागं सरले.

"हा दोरा खोटा आहे."

"सर?"

"टीप मारलेलीच नाहीये. प्लास्टिकवर टिपेचा नुसता ठसा उमटवलाय. हे असं का?"

विक्रेत्यानं वाकून पाहिलं. तो दोन वर्षं ती गाडी विकत होता. "आईशप्पथ," तो म्हणाला.

पण मास्तर शोरूममध्ये आले होते ते ना खिडकीसाठी, ना डिकीसाठी, ना टिपेसाठी. ते आले होते अक्कासाठी.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मास्तरांना वाढवलं ते हिनंच, म्हणून पन्नाशी उलटलेल्या मास्तरांना ती अजून "छोट्या" म्हणे. उंचीनं दाराच्या चौकटीला जाऊन भिडणारी, आवाजानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारी. शाळेत खेळाची शिक्षिका होती. गावातल्या निम्म्या माणसांना तिनं कोलांटी मारायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना मारता येत नाही म्हणून मैदानाला चक्कर मारायला लावली होती. मग तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो गुडघा वाकायचा जवळजवळ बंद झाला. तेही तिनं हसून सोसलं. पण एकदा दवाखान्यातून टॅक्सीनं येताना ती घराच्या दाराशी अडकली. पाय आतच आणि बाकीची अक्का बाहेर. ड्रायव्हरनं एका बाजूनं ओढलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि बघ्यांतलं कुणीतरी म्हणालं, "क्रेन बोलवा रे!" गल्ली हसली. म्हणणारा तिचाच जुना विद्यार्थी होता, कोलांटी न येणाऱ्यांपैकी.

त्या दिवसापासून अक्का घराबाहेर पडली नव्हती. "मला कुठं जायचंय?" एवढंच म्हणे, आणि खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यातल्या चुका काढी.

म्हणून गाडी. अशी गाडी, की जिच्यात अक्काला कुणी हात न लावता चढता येईल आणि उतरता येईल. आणि तेही गल्लीच्या डोळ्यांदेखत नाही. घराला एक गॅरेज होतं. वडिलांनी हौसेनं बांधलेलं, पण गाडीचं तोंड कधी न पाहिलेलं. त्यात जुनी शिलाई मशीन, मोडक्या खुर्च्या आणि एक बिनडोक्याचा लाकडी पुतळा राहत होता. गॅरेजातून घरात यायला आतलं दार होतं, मध्ये पायरी नाही. अक्का त्या दारातून गाडीत बसेल, शटर वर जाईल, गाडी निघेल, आणि गल्लीला पत्ताही लागणार नाही. मास्तरांनी हा बेत मनाशी असा बेतला होता, जसा एखादा कोट.

शोरूममधून घरी परतल्यावर गॅरेज रिकामं करून त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुडघ्यांवर रांगत, खडूच्या खुणा करत फरशी मोजली आणि उठून शोरूमच्या माहितीपत्रकातले आकडे पाहिले. लाल गाडी आत बसत होती. राखाडी चार बोटं लांब होती.

"मग संपलं की! लाल!" लेक टाळी वाजवून म्हणाली.

"आधी ट्रायल," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विक्रेता दोन्ही गाड्या घेऊन दारात हजर झाला. एक तो स्वतः चालवत होता, दुसरी त्याचा सहकारी. दुपारची वेळ मास्तरांनी मुद्दाम निवडली होती. गल्ली जेवून लवंडलेली असते. अक्काला समोरच्या पायऱ्यांवरून एकदा तरी उतरणं भाग होतं. ती नाही-नाही म्हणत होती, पण वहिनीनं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, तिची काठीच लपवली.

"काठी द्या माझी."

"गाडीत ठेवलीय, वन्सं. तिथं जाऊन घ्या."

"तू पण ना, तुझ्या सासूवर गेलीस."

"मग तुमच्याच आईवर गेले म्हणा की."

अक्का हसली, आणि त्या हसण्याच्या भरात उतरली.

लाल गाडीची सीट उंच होती, ते ठीक. पण मागचं दार कंजूष माणसानं पाहुण्याला उघडावं तसं अर्धवटच उघडे. अक्का बसली, पण डावा पाय दाराच्या कडेला अडून बाहेरच राहिला, बांबूसारखा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. मग आजूबाजूला पाहिलं. वरच्या मजल्यावर एक पडदा हलला. अक्काचा चेहरा उतरला.

"दुसरी," मास्तर घाईनं म्हणाले.

राखाडी गाडीचं दार पार शेवटपर्यंत उघडलं. अक्कानं तिच्याकडे पाठ केली, सीटवर बसली, कमरेतून वळली, आणि तो हट्टी पाय तिच्यामागोमाग निमूटपणे आत गेला. मग ती तशीच उलट वळली आणि उतरली. खाली उभी राहिली. दाराकडे पाहिलं.

"बघू परत," ती म्हणाली.

परत बसली. परत उतरली. मग आणखी एकदा. झोपाळा सोडायला तयार नसलेल्या पोरीसारखं तिचं ते चढणं-उतरणं चाललं. शेवटी विक्रेत्यानं घड्याळ बघितलं तशी ती त्याला म्हणाली, "पोक काढून उभं राहायचं नाही." तो ताठ झाला.

तर आता पेच असा, की अक्का राखाडी गाडीत मावत होती, आणि राखाडी गाडी गॅरेजात मावत नव्हती.

मास्तरांच्या धंद्यात असल्या पेचाला उत्तर असे. ट्रायल असतेच कशासाठी? कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवायचा, जिथं आवळेल तिथं खडूनं रेघ मारायची, "मंगळवारी या" म्हणायचं, की झालं. त्यांनी विक्रेत्याला बाजूला घेतलं आणि गाडीच्या मागच्या बंपरवर चक्क खडूनं रेघ ओढली.

"एवढं घ्या आत. चारच बोटं. मला काही घाई नाही."

"सर, काय आत घ्या?"

"गाडी. मागून. नाहीतर त्या लालचं दार सैल करा. जे सोपं पडेल ते."

"काका," आता तो 'सर'वरून खाली आला होता, "गाडीत अल्टर होत नाही हो."

"हे असं का?" मास्तरांनी मनापासून विचारलं. एवढ्या लोकांच्या अंगांचा विचार न करता एकाच मापाची गाडी कापायची, आणि वर अल्टर नाही! त्यांच्या दुकानात असं झालं असतं तर गिऱ्हाइकानं कोट तोंडावर फेकला असता.

संध्याकाळी चहा पिता पिता घरात तुंबळ झालं. लेक म्हणाली, लाल घ्या, आत्याच्या पायाची सवय होईल. बायको म्हणाली, राखाडी घ्या आणि गॅरेजची भिंत पाडा. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर आहे याची तिला आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "तो तसाही फार तळतो." अक्का सगळं ऐकत होती.

"छोट्या, लाल घे," ती शेवटी म्हणाली. "पोरीची हौस होईल. मला कुठं जायचंय?"

हे ऐकून मास्तरांच्या चहावर साय धरली. दुपारी पुन्हा पुन्हा चढणारी-उतरणारी बाई त्यांनी पाहिली होती. लाल घेतली, तर ती पुन्हा कायमची खिडकीशी बसणार. राखाडी घेऊन गल्लीत उभी केली, तरीही बसणारच. कारण पायऱ्या उतरून लोकांसमोर ती रोज कशाला येतेय?

सकाळी त्यांनी दुकान न उघडताच शोरूम गाठलं. डोक्यात एकच वेडी आशा. माणसं कुठं स्वतःचं खरं माप सांगतात? कंबर विचारा, दोन इंच चोरतात. उंची विचारा, दोन इंच वाढवतात. गाडीच्या कंपनीनंही ऐट म्हणून लांबी वाढवून सांगितली नसेल कशावरून? ते राखाडी गाडीच्या शेजारी रांगले, टेप लावत, बोटानं दाबत, पुन्हा लावत मागच्या टोकापर्यंत गेले आणि ताडकन उठले.

"चोर!" मास्तर आनंदानं ओरडले. "तुमची कंपनी चोर आहे! गाडी सांगितल्यापेक्षा आखूड आहे! शाब्बास!"

शोरूममधले लोक वळून पाहू लागले. शिवी आणि शाबासकी एकाच दमात मिळाल्यामुळे कुठला चेहरा करावा हे विक्रेत्याला कळेना. तो आत जाऊन पोलादी टेप घेऊन आला. ती टेप गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली आणि माहितीपत्रकातल्या आकड्यावर थांबली. केसाचाही फरक नाही.

मास्तरांनी आपली टेप त्या पोलादी टेपेशेजारी फरशीवर ठेवली. दोघींच्या खुणा निघाल्या बरोबर. पण थोड्या अंतरावरच मास्तरांची टेप मागं रेंगाळू लागली, आणि शेवटापर्यंत तर बरंच अंतर पडलं. ती टेप कापडी होती. उस्तादांनी, ज्यांच्या हाताखाली मास्तर शिकले त्यांनी, दिलेली. इतकी वर्षं गळ्यात लोंबून, पोटांभोवती ताणून ताणून, ती आपसूक लांबली होती. ती कमी मोजत होती. लांब वस्तूला आखूड म्हणत होती.

"मग काका, तुमचे कपडे कसे बसतात लोकांना?" विक्रेत्यानं विचारलं. आता त्यालाही तो रोग लागला होता.

"बसणारच," मास्तर टेपेकडे बघत म्हणाले. "अंगही हिनंच मोजतो, कापडही हिनंच. खोटं बोलते ती दोघांशी सारखंच बोलते. उस्ताद सांगायचे, ज्या टेपेनं अंग मोजशील, तिनंच कापड मोज. आणि मी गाढव! गॅरेज माझ्या टेपेनं मोजलं आणि गाडी कंपनीच्या."

मग टेप गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला. कारण त्यांना बाजारातला कापडवाला आठवला. एके काळचा जिवलग दोस्त. तो दर वेळी कापड चार बोटं कमी देतो म्हणून मास्तरांनी त्याला भर बाजारात चोर म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ते लांबच्या पेठेतून कापड आणत होते. तिथला दुकानदारही कमीच देई. जगच बिघडलंय, असं मास्तर म्हणत.

"पण म्हणजे गॅरेज मी मोजलं त्याहून मोठं आहे," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "अरे, मोठं आहे! द्या राखाडी!"

गाडी घरी आली त्या दिवशी मास्तरांनी शटर स्वतः वर केलं. लेकीनं गाडी इंचाइंचानं आत घेतली. पुढच्या भिंतीशी बोटभर, मागं शटरशी बोटभर. उत्तम बेतलेल्या कोटासारखी गाडी गॅरेजात बसली. मास्तरांना भरून आलं. आतल्या दारात अक्का उभी होती, इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून, काठी हातात धरून. कितीतरी दिवसांनी तिनं हातात घड्याळ बांधलं होतं.

"आत्या, ये," असं म्हणून लेकीनं आपलं दार उघडलं. दार भिंतीला लागलं. वीतभर फट पडली. तिनं पलीकडचं उघडून पाहिलं. तेही तसंच.

मास्तरांनी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगितली होती: हात खाली सोडा, अंग सैल सोडा. माणूस हात पसरून उभा राहिला तर माप चुकतं. गाडीचंही त्यांनी तसंच घेतलं होतं, दारं मिटून.

लेक काचेआडून वडिलांकडे बघत होती. ना तिला बाहेर येता येत होतं, ना अक्काला आत जाता. मास्तरांची बायको गॅरेजातून काढून आतल्या दाराशी ठेवलेल्या बिनडोक्याच्या पुतळ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही होतात इथं, तुम्ही तरी सांगायचं."

आणि मास्तर मात्र अक्काकडे बघत होते. तिच्या नेसलेल्या साडीकडे, घड्याळाकडे. आता ती वळेल, आत जाईल, घड्याळ सोडून ठेवेल आणि म्हणेल, मला कुठं जायचंय. ती वळली. आत गेली. काठीचा आवाज घरातून सरकत सरकत पुढच्या खोलीत गेला. खिडकीपाशी थांबेल असं मास्तरांना वाटलं.

थांबला नाही. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला.

मास्तर धावले. अक्का पायऱ्या उतरत होती, आडवी होऊन, खेकड्यासारखी, एकेक पायरी मोजून-मापून. संध्याकाळची वेळ, गल्ली भरलेली. इस्त्रीवाल्याचा हात इस्त्रीवर थांबला.

"अक्का, आधार देऊ?"

"तू शर्ट जाळशील. तिकडं बघ."

मागून गाडी उलटी होऊन गॅरेजातून बाहेर आली आणि घरासमोर उभी राहिली. गल्ली बघत होती. 'क्रेन बोलवा' म्हणणारा तो विद्यार्थीही कोपऱ्यावर होता. अक्कानं राखाडी गाडीचं दार पार शेवटपर्यंत उघडलं, तिच्याकडे पाठ केली, बसली, वळली, आणि पाय आत घेतला. मग काच खाली करून त्याला म्हणाली,

"काय रे, आली का कोलांटी?"

"नाही, बाई," तो म्हणाला, आणि कोण जाणे का, त्यानं हात मागं बांधले.

"अहो, कुठं जायचंय पण?" मास्तरांच्या बायकोनं पायरीवरून विचारलं.

"ते गाडीत ठरवू. छोट्या, बस पुढं. आणि दार नीट ओढ."

त्या दिवशी ते चौकापर्यंत गेले आणि अक्काचा चष्मा राहिला म्हणून परत आले. पुढच्या आठवड्यात मास्तर कापडवाल्याकडे जाऊन न मोजता कापड घेऊन आले, आणि तो अजून फारसं बोलत नाही. गाडी गल्लीतच उभी असते. गॅरेजात कापडाचे तागे ठेवलेत.